शुभाचं बिस्मथ

शुभाच्या नवऱ्याचा, विलासरावांचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत फ्रिजसमोर उभी होते. "ताई, शुभा गेली," एवढंच म्हणाले. आत तिनेच लावून ठेवलेली काचेची कुपी होती आणि तिच्या तळाशी त्या सकाळी पहिल्यांदा बारीक पिवळे स्फटिक दिसत होते... खरं सांगते, मला आधी रागच आला. थोडं थांबायला काय झालं होतं हिला?

शुभा मूळची चामटोलीची. उल्हासनगरच्या आमच्या कॉलेजात आम्ही दोघी रसायनशास्त्र शिकवायचो आणि उरलेल्या वेळात ती बिस्मथच्या मागे असायची. मधल्या धातूच्या अणूला चहूबाजूंनी धरून ठेवणारे रेणू, म्हणजे लिगंड, बनवायचे हे तिचं काम. फॉस्फरस धातूला घट्ट धरतो, म्हणून सगळे त्याच्याकडे धावतात. त्याच्याच घराण्यातलं अँटिमनी जरा सैल, आणि सगळ्यांत शेवटचं बिस्मथ तर धरलं न धरलं असं. "अगं, हा हात धरतो तोच मुळी सोडायच्या तयारीने," शुभा म्हणायची, आणि तरी त्याच्याकडूनच टंगस्टन हा धातू धरवून दाखवायचं खूळ तिच्या डोक्यात. मी "सोड की हा नाद" म्हटलं की डब्यातला भाकरीचा तुकडा माझ्या हातात कोंबायची. माझं तोंड बंद करायचा तिचा हा उपाय होता.

हवा लागली की तिचे पदार्थ खराब व्हायचे, म्हणून फ्लास्कच्या तोंडाला नायट्रोजन भरलेला फुगा लावायचा. साधा वाढदिवसाचा फुगा. कॅम्पातल्या एका सिंधी दुकानदाराकडे ती एकेक फुगा ताणून पारखून घ्यायची. "मॅडम, हर हफ्ते किसका बड्डे?" तो विचारायचा. "भाईसाब, खानदान बड़ा है," ही शांतपणे सांगायची. एकदा त्याने वर चमकीच्या टोप्याही फुकट दिल्या. त्या घालून आम्ही तोंडी परीक्षा घेतल्या नाहीत, इतकंच.

बिस्मथने खरंच धरलंय का, हे स्फटिकावर क्ष-किरण टाकून दोन अणूंमधलं अंतर मोजलं तरच कळतं. आजारपणात शुभा अंबरनाथच्या हॉस्पिटलात पडून तेवढंच विचारायची. शेवटी शेवटी विलासरावांना ते बघवेना. बँकेतला माणूस, रसायनाशी संबंध शून्य. "अगं, रिपोर्ट आला. धरलंय बिस्मथने," ते म्हणाले. शुभाने डोळे उघडले. "बॉन्डची लांबी किती?" विलासराव माझ्याकडे बघायला लागले. ती हसली आणि त्यांचा हात थोपटत म्हणाली, "खोटं बोलायचं तर आकडा तरी पाठ करून यायचं हो..." मी खिडकीकडे तोंड फिरवलं.

ते पिवळे स्फटिक मी मोजायला पाठवले. खरा रिपोर्ट परवा आला. तो घेऊन मी बदलापूरला शुभाच्या घरी गेले. विलासराव चहा करत होते. शुभाची वाचायची खुर्ची स्वयंपाकघरातच, पाय ताणता यावेत म्हणून तिरकी ठेवलेली, अजून तशीच होती.

"धरलंय," मी म्हटलं.

त्यांनी गॅस बारीक केला. मग म्हणाले, "आकडा सांगा."

मी सांगितला. दशांश चिन्हापुढे त्यांची गडबड झाली, पुन्हा विचारला, पुटपुटत राहिले. मग गॅस बंद करून त्या खुर्चीसमोर जाऊन बसले.

"शुभा," ते म्हणाले, "पाठ केलाय."