पॉझिटिव्ह बॉडीला जातं

बॉनेट उघडलं आणि माझं डोकंच फिरलं. बॅटरीच्या एका खांबावरचा क्लॅम्प हातोडीने फाकवला होता आणि दुसऱ्या क्लॅम्पमध्ये पत्र्याचा तुकडा कोंबला होता. तीस वर्षं ऑटो इलेक्ट्रिशियन आहे मी. असली कामं बघितली की हात शिवशिवतात.

गाडी कात्रपच्या कांबळे मॅडमची. मॅडम अंबरनाथ एमआयडीसीत एका केमिकल कंपनीच्या लॅब इन्चार्ज होत्या, आता रिटायर. वडिलांकडून आलेल्या या जुन्या विलायती गाडीतूनच त्या कंपनीत जायच्या. बॅटरीही स्वतः बदलायच्या. यंदा गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून मुलगा नितीन नवी बॅटरी बसवायला गाडी उल्हासनगरच्या एका गॅरेजात घेऊन गेला. परत येताना धूर निघाला आणि गाडी बंद पडली. गॅरेजवाल्याने निकाल दिला: डायनामो गेला, वायरिंग जळालं, पार्ट मिळत नाहीत, गाडीच काढून टाका. नितीनने लगेच एका हॉटेलवाल्याशी ठरवलं. इंजिन काढून गाडी हॉटेलच्या दारात शोभेला ठेवायची. रविवारी टेम्पो येणार होता. मॅडमच्या फोनवरून मी पोचलो तेव्हा शनिवारची दुपार झाली होती.

"या गाडीत पॉझिटिव्ह बॉडीला जातं," मॅडम म्हणाल्या. "मी गॅरेजला फोन करून सांगितलं होतं."

"आई, तू थांब जरा. त्यांना बघू दे," नितीन म्हणाला.

बॅटरीची एक केबल थेट गाडीच्या पत्र्याला जोडतात. तिला आम्ही अर्थ म्हणतो. आजच्या गाड्यांत अर्थ निगेटिव्हला असते. जुन्या विलायती गाड्यांत बरेचदा पॉझिटिव्हला. उलटी जोडली तरी दिवे लागतात, स्टार्टर फिरतो, म्हणून चूक कळत नाही. मात्र चार्जिंग करणारा डायनामो आणि बॅटरी एकमेकांविरुद्ध जोर लावतात, आणि दोघांमधला कटआउट नावाचा डबीएवढा स्विच जळायला लागतो.

मी गॅरेजवाल्याला फोन लावला.

"क्लॅम्प बैठ नहीं रहा था, तो हातोडी क्यूं मारी?"

"पुराना माल है भाई. साइज ऊपर-नीचे होता है."

"पॉझिटिव्ह का खंबा मोटा होता है, निगेटिव्ह का पतला. तुमने उलटा लगाया."

"अरे, दुनियाभर में निगेटिव्ह बॉडी पे जाता है."

"मॅडमने फोन पे बताया था ना?"

"हां, आंटी कुछ बोल रही थी."

कुछ बोल रही थी! ज्या बाईने ती गाडी आयुष्यभर चालवली, तिचं बोलणं म्हणजे याला रेडिओची खरखर. क्लॅम्प बसत नव्हता तेव्हा तरी या शहाण्याला शंका यायला हवी होती. पण मीही काही कमी नाही. मॅडमनी मला फोनवर नेमकं हेच सांगितलं होतं, आणि मी "बघतो, बघतो" करून फोन ठेवला होता. त्याचीही लाज वाटली.

कटआउटचे पॉइंट घासले. एक वायर जळाली होती, ती बदलली. दोन्ही क्लॅम्प नवे टाकले. अर्थ काढताना पहिली काढायची आणि जोडताना शेवटी जोडायची, नाहीतर पाना बॉडीला टेकला की ठिणगी उडते. ती शेवटची केबल घट्ट करायला वाकलो तर मॅडमनी हात पुढे केला. मी पाना दिला. त्यांनी खुर्ची ओढून घेतली, बसून नट आवळला. मग मी डायनामोच्या छोट्या टर्मिनलला क्षणभर करंट दाखवला, म्हणजे त्याचं चुंबक पुन्हा योग्य दिशेला लागतं.

गाडी दुसऱ्या सेल्फला सुरू झाली. रेस दिल्यावर डॅशबोर्डवरच्या मीटरचा काटा चार्जकडे सरकला.

"एवढंच होतं?" नितीनने विचारलं.

"एवढंच."

"मग उद्या टेम्पोवाल्याला काय सांगू?"

"गाडी बाहेर गेलीय म्हणून सांग," मॅडम म्हणाल्या.

गॅरेजवाल्याने चूक अजून कबूल केलेली नाही, करणारही नाही. मी एवढं शिकलो की जुनी गाडी आली की पिशवीतून टेस्टिंगचा मीटर काढण्याआधी ती कोण चालवतं ते विचारायचं. आणि त्यांचं बोलून होईपर्यंत बॉनेटला हात लावायचा नाही.