नोंद: पाणी स्वच्छ

चिखलीचा जीवन इंगळे आयटीआय करून ईशान्येकडच्या डोंगरात एका कंपनीत लागला होता. तिथल्या जमिनीखाली तेल देणारा खडक होता. तो खणायचा नाही. बोअर पाडून त्यात विजेचे हीटर सोडायचे, महिनोन्‌महिने खडक तापवायचा आणि सुटलेलं तेल, गॅस शेजारच्या बोअरमधून वर घ्यायचा, असा तो प्रयोग. हीटरचं तापमान सांभाळणं आणि दर सोमवारी कडेच्या बोअरमधलं पाणी तपासणं, ही जीवनची कामं.

उताराखाली बारा घरांची वस्ती होती, तिची एकच विहीर. तिथली एक म्हातारी जाता-येता त्याला पाणी द्यायची. दोघांना एकमेकांची भाषा कळत नसे. ती हसायची, हा तांब्या रिकामा करायचा.

एका सोमवारी बाटलीतल्या पाण्यावर तवंग दिसला, रॉकेलसारखा वास आला. जीवनने मोबाइलवर फोटो काढून साहेबांना दाखवला.

"दहा दिवसांनी पाहणी आहे," साहेब म्हणाले. "आता हीटर बंद केले तर वर्ष वाया जाईल. स्वच्छ लिही."

जीवनने लिहिलं, पाणी स्वच्छ. त्या दिवसापासून तो वस्तीवरून जायचा बंद झाला.

दोन आठवड्यांत वस्तीतली एकवीस माणसं दवाखान्यात गेली. त्यांत ती म्हातारीही होती. चौकशीत कंपनीने जीवनचीच नोंद पुढे केली, आणि दोष वस्तीच्या विहिरीवरच्या डिझेलपंपावर गेला. जीवन रजा टाकून घरी आला.

इकडे चिखलीच्या शाळेने त्याला बोलावलं. दगडातून तेल काढणारा आपला माणूस म्हणून हार घातला. तो बोलला, मुलं कान देऊन ऐकत होती. मग आठवीतली समीक्षा उठली. "काका, जमीन इतकी तापवली त पाण्याचं काय होते?"

"काही होत नाही, बेटा."

टाळ्या पडल्या. जीवनला मान वर करवेना.

घरी बायकोने, वंदनाने विचारलं, "काऊन गप्प हाय तुमी? कोणी काही म्हटलं का?"

त्याने तिला सगळं सांगितलं. तिने हातातलं काम बाजूला ठेवलं. मग हळूच म्हणाली, "मंग तुमी पेत होते का ते पाणी?"

"त्या सोमवारनंतर नाही पेलो."

वंदना उठून आत गेली. तिने चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी तो आठवीच्या वर्गात जाऊन उभा राहिला. "काल मी तुमच्यासमोर खोटं बोललो," म्हणाला आणि खरं काय ते सांगितलं. मुख्याध्यापक त्याला घाईघाईने बाहेर घेऊन गेले. त्याच आठवड्यात त्याने चौकशी करणाऱ्यांना तो फोटो आणि सहीचं पत्र पाठवलं. तीन महिन्यांनी प्रयोग थांबला, वस्तीला नळाचं पाणी मिळालं. जीवनची नोकरी गेली.

म्हातारी बरी झाल्याचं त्याला फोनवर कळलं. तिला भेटायला जायची त्याची छाती झाली नाही. दोनदा रेल्वेचं तिकीट काढलं, दोनदा रद्द केलं.

आता तो चिखलीत शेतपंपांच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेने भरून देतो. गिऱ्हाइकांपैकी कोणी म्हणतं, "खरं सांगाले हिंमत लागते, जीवनभाऊ."

"एकवीस माणसं आजारी पडल्यावर सांगितलं," जीवन म्हणतो आणि तार गुंडाळत राहतो.