मास्तरांच्या पायातला ब्रेक

मावशीने भर हळदीकुंकवात, चार बायकांदेखत आईला विचारलं, "ताई, गाडी काय नुसती पुसायला घेतलीत का गं?"

मावशीचं चुकलं होतं असं मला म्हणवत नाही. बाबांनी हौसेने जुनी, फिकट निळी गाडी घेतली होती, पण त्यांना चालवता येत नव्हती. दर रविवारी सिल्व्हर पार्कातल्या आमच्या बिल्डिंगखाली ते ओलं फडकं घेऊन उतरत. पाणी टँकरचं, म्हणून धुणं नाहीच. पुसून झाली की आत बसत, आरसा सारखा करत, थोडा वेळ समोर बघत आणि गंभीर चेहऱ्याने वर येत.

मला नुकतीच अठरा वर्षं पूर्ण झाली होती. पुढच्या संक्रांतीला इंद्रलोक वसाहतीत मावशीकडे आपल्या गाडीतून जायचं, असं आईने ठरवून टाकलं. तिची सगळी इभ्रत माझ्या पायाशी येऊन पडली.

ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर जवळच्याच मोरवा गावचे होते. त्यांच्या गाडीला डावीकडेही एक क्लच आणि एक ब्रेक होता, त्यांच्यासाठी. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "तू खाली बघू नको. स्टेअरिंग धर. बाकीचा मी हाय ना!"

आणि ते खरंच होते. समोर रिक्षा आली की माझ्या बुटाखालचा ब्रेक आपोआप खाली जायचा. मी त्याच्यावर अलगद पाय ठेवून असायचो. गाडी काय सुंदर थांबायची! मास्तर म्हणायचे, "बघ, जमला." मलाही जमल्यासारखं वाटायचं. खोटं कशाला बोलू, थोडा संशय यायचा. पण स्तुती चालू असताना संशय कोण बोलून दाखवतो? परीक्षाही त्याच गाडीत झाली. मास्तर शेजारी बसले होते. लायसन्स आलं. आईने ते देवापुढे ठेवलं, हळदीकुंकू वाहिलं.

संक्रांतीच्या आधीच्या रविवारी बाबा म्हणाले, "आईला बसवायच्या आधी मला एक चक्कर मारून आण."

रस्ता मोकळा होता. दोन्ही बाजूंना अर्धवट इमारती, वाळूचे ढीग. बाबा शर्ट खोचून, डाव्या सीटवर नवरदेवासारखे ताठ बसले होते. समोरून एक म्हैस रस्ता ओलांडू लागली. मी शिकवल्याप्रमाणे शांतपणे ब्रेकवर पाय ठेवला.

पेडल काही खाली जाईना.

म्हैस थांबली आणि आमच्याकडे बघत राहिली. बाबा दोन्ही पायांनी समोरचा पत्रा दाबत ओरडले, "अरे, थांबव!" मी घाबरून स्टेअरिंग फिरवलं आणि गाडी वाळूच्या ढिगात नाक खुपसून बंद पडली. म्हैस आपल्या वाटेने गेली. तिची मी आजवर मनातल्या मनात खूपदा माफी मागितली आहे.

बाबांनी विचारलं, "पाय ब्रेकवर होता ना?"

"होता."

"मग?"

"मी वाट बघत होतो."

"कसली?"

"तो खाली जायची."

बाबांनी माझ्याकडे बघितलं, मग वाळूकडे. "म्हणजे इतके दिवस फी आपण भरली आणि गाडी मास्तरांनी चालवली." पुढे म्हणाले, "शेजारी आई असती तर..." आणि तेवढ्यावरच थांबले. ते न बोललेलं वाक्य माझ्या मानेवर अजून बसलंय.

घरी आईने सगळं ऐकून घेतलं. मावशीच्या हळदीकुंकवाला ती रिक्षाने गेली, टोमणे खाऊन आली आणि मला एवढंच म्हणाली, "रथसप्तमीपर्यंत तिळगूळ देता येतो. तोवर काय ते शीक."

बाबा मास्तरांकडे गेले. "याला पुन्हा शिकवा. पण तुमचे पाय वर घेऊन."

मास्तर खजील झाले. त्यांनी चपला काढल्या, सीटवर मांडी घातली आणि म्हणाले, "चल पोरा. आता मी न्हाय." पहिल्या वळणाला त्यांचा उजवा पाय मांडीतून सुटलाच. त्यांनी तो दोन्ही हातांनी परत ओढून धरला. भाजीची हातगाडी दिसली की ते डोळे मिटून कुलदेवतेचं नाव घ्यायचे. मी मात्र पहिल्यांदाच रस्त्याकडे नीट बघायला लागलो. शेजारच्याला भीती वाटतेय हे कळलं, की आपला पाय आपोआप जबाबदार होतो. आधी मी झटके देत थांबायचो, मग हळूहळू मऊ.

रथसप्तमीला आई मागे बसली, मांडीवर लाडवांचा डबा. इंद्रलोकच्या अलीकडे समोरचा एक टँकर न बघताच मागे येऊ लागला. मी ब्रेक दाबला. मीच. डबा उपडा झाला आणि लाडू सीटखाली गडगडत गेले. बाबांचे पाय पुन्हा पत्र्यावर.

"लागलं का गं?" मी विचारलं.

"लाडवांना लागलं," आई म्हणाली. "तू पुढे बघ."

मावशी खाली गेटवरच उभी होती. "अगंबाई, आलात! किती वेळ लावलात? आमच्या शेजाऱ्यांची गाडी कशी सुसाट जाते."

आईने लाडू फुंकून डब्यात भरले, पदर सारखा केला आणि गाडीतून सावकाश उतरली.

"जाईल बाई त्यांची," ती म्हणाली. "आमची थांबतेसुद्धा."