आत्याच्या रिकाम्या खुंट्या

माझी आत्या दहावीनंतर शाळेकडे फिरकली नाही, पण कुठला रेणू कसा दिसतो हे तिला विचारा, पेन्सिल न उचलता सांगेल. कॉलेजांना लागणारे लाकडी रेणू बनवायच्या कारखान्यात ती बावीस वर्षं गोळ्यांना भोकं पाडतेय. शेजारच्या टेबलावर मी तेच गोळे रंगवते, त्यामुळे हे काही ऐकीव नाही.

पहिल्याच वर्षी तिने पाण्याचे दोनशे रेणू केले होते. मधे ऑक्सिजन, दोन्हीकडे हायड्रोजन, सगळं एका सरळ रेषेत. दोनशेच्या दोनशे परत आले. ते घेऊन आलेल्या कॉलेजच्या मॅडम मात्र रागावल्या नाहीत. स्टुलावर बसून त्यांनी समजावलं, की ऑक्सिजनभोवती इलेक्ट्रॉनच्या चार जोड्या असतात. दोन जोड्या हायड्रोजनला धरतात, दोन कुणालाच धरत नाहीत, पण जागा चौघींनाही लागते. चौघी एकमेकींपासून जमेल तेवढ्या लांब सरकतात आणि हायड्रोजन बिचारे एका बाजूला ढकलले जातात.

"म्हणजे घरातला न बोलणारा माणूस," आत्या म्हणाली. "खाट त्यालाही लागतेच." मॅडम खूप हसल्या.

तेव्हापासून आत्या मोकळ्या जोड्यांसाठीही भोकं पाडते आणि त्यांत गोळा नसलेली आखूड खुंटी बसवते. "जागा कुणी अडवलीय ते मुलांना दिसायला नको?" मालकांना मात्र त्या खुंट्या डोळ्यांसमोर नको होत्या. लाकडाची नासाडी, म्हणायचे.

गेल्या महिन्यात त्यांनी एक पदवीधर सुपरवायझर आणला. माणूस वाईट नव्हता, फक्त भलत्या घाईत होता. आल्या आल्या त्याने खुंट्या बंद केल्या. त्याच आठवड्यात त्याच मॅडमची ऑर्डर आली: एका झेनॉनला चार फ्लोरीन, असे पन्नास रेणू. सुपरवायझर साहेबांनी बंध मोजले, चार भरले, आणि कार्बनचा साचा काढून दिला. त्यात तीन दांड्या तिपाईच्या पायांसारख्या येतात, चौथी सरळ वर.

आत्याने यंत्र बंद केलं.

"हा साचा नाही चालणार. झेनॉनचे बाहेरचे इलेक्ट्रॉन आठ. चार फ्लोरीनमध्ये गुंतले, उरले चार, म्हणजे दोन मोकळ्या जोड्या. चार आणि दोन सहा. सहा भोकांचा साचा घ्या. मोकळ्या दोघी एक वर, एक खाली. फ्लोरीन मधे, सपाट चौकोनात."

"बाई, कॉलेज मी केलंय की तुम्ही?"

"कॉलेज तुम्ही केलंय. भोकं मी पाडलीत."

मालक मधे पडले. "पुरे! साहेब सांगतील तसंच होईल. ज्याला पटत नसेल त्याने सोमवारपासून पॅकिंगला बसावं."

बावीस वर्षांचं यंत्र सोडून खोक्यांना चिकटपट्टी लावायची! मला तर रडूच आलं. आत्याने शांतपणे हात पुसले. "बसेन. चुकीचं भोक नाही पाडणार."

पन्नासही रेणू साहेबांनी स्वतः केले. आत्याने जेवणाच्या सुट्टीत सहा भोकांच्या साच्यावर एकच केला, मी तो रंगवला, आणि तिने तो एप्रनच्या खिशात टाकला.

सोमवारी मॅडम आल्या. केस आता पार पांढरे झालेत. पहिलं खोकं उघडून त्यांनी एक रेणू उचलला, फिरवून पाहिला. मग दुसरा उचलला.

"खुंट्या कुठायत?"

"बंद केल्या," मालक हौसेने म्हणाले. "उगाच वाया जात होत्या."

"अहो, नुसते गोळे तर प्लास्टिकचेही मिळतात, तेही स्वस्तात. तुमच्याकडे आम्ही खुंट्यांसाठी येतो." त्यांनी रेणू परत खोक्यात ठेवला. "आणि खुंट्या मोजल्या असत्या तर हे चुकलंही नसतं."

पॅकिंगच्या टेबलामागून आत्या उठली, खिशातला रेणू तिने मॅडमच्या हातावर ठेवला आणि चिकटपट्टी मालकांच्या हातात दिली.

"हा एक घ्या," ती यंत्राकडे जाताजाता म्हणाली. "बाकीचे एकोणपन्नास गुरुवारी."