कोणी गेलं नाही

त्याच्या पायांचा आवाज आला की आमच्या गावातल्या बाया चुलीवरचा तवा उतरवून ठेवायच्या. अनवाणी, एका लयीत, धप धप. मूर्तिजापूर ते अकोला या वाटेवरच्या गावांत मौतीचा सांगावा पोचवणं हे महारवाड्याचं काम होतं, आणि त्यातला पळणारा म्हणजे हा. नाव काशिनाथ, पण सारे त्याला ‘तार’ म्हणत. तार आली म्हणजे कोणीतरी मेलं, हे तेव्हा पोरासोरांनाही ठाऊक होतं.

त्याची एक रीत होती. दारात आला की आधी पाणी मागायचा. बाई वरून ओतायची, तो ओंजळीनं प्यायचा, तोंड पुसायचा आणि मग सांगायचा. मी एकदा विचारलं, आधी पाणी काहून? म्हणाला, “मालक, सांगितल्यावर पाणी द्याचं कोणाले सुचते?”

छप्पन साली दसऱ्याला तो नागपूरला गेला, दीक्षा घेऊन आला आणि सांगावा बंद केला. चावडीवर उभं राहून म्हणाला, “आता ज्याचा मुडदा त्याचे पाय.” गाव चिडलं. त्याला शेतावर बोलावणं बंद केलं. त्यात माझा बाप पुढे होता आणि मी गप्प होतो. लपवून काय करू. तो अकोल्याला जाऊन कापसाच्या जिनात हमाली करू लागला. त्यानंतर भेटला की मला ‘मालक’ म्हणेना, ‘भाऊ’ म्हणायचा. वय आमचं सारखंच होतं.

दोनेक वर्षांनी माझ्या बायकोच्या गालात आतून फोड आला, तो बसेना. अकोल्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं कॅन्सर सांगितला. मुंबईला नेऊन विजेचा शेक द्यावा लागेल, उशीर करू नका, म्हणाला. माझ्याजवळचं आधीच औषधात गेलं होतं. अशा रोग्यांसाठी डॉक्टरनं वर्गणीची पेटी ठेवली होती, तिच्यात खडखडाट. यादीत तिघं, माझी बायको तिसरी. तार तिला पाहायला आला तेव्हा डॉक्टर बोलत होता, की परदेशात सव्वीस मैलांची शर्यत असते, पाहायला माणसं लोटतात. आपल्याकडे कोणी तसं धावलं तर पेटीत चार पैसे पडतील.

तार म्हणाला, “सव्वीस मैल? येवढं तं मी एका मौतीत धावलो.”

डॉक्टरनं त्याला कॅनव्हासचे बूट दिले. त्यानं ते नाडीला नाडी बांधून गळ्यात अडकवले. “पायाले सवय नाही, डॉक्टरसाहेब. पण वागवतो. तुमचं मन राहील.”

दिवस उगवताना आम्ही मूर्तिजापूरहून निघालो. पुढे तो, मागे भाड्याच्या सायकलवर पेटी बांधून मी. पहिल्याच गावात एका म्हातारीनं त्याला पाहिलं आणि ऊर बडवायला लागली.

“कोण गेलं रे बाप्पा?”

“कोणी गेलं नाही, आजी. कोणी जाऊ नये म्हणून धावून राहिलो.”

“मंग मेल्या, जीव काहून घेतला माहा?” असं म्हणून तिनं चार शिव्या दिल्या, कमरेची चंची सोडली आणि होतं ते पेटीत टाकलं. पुढच्या गावात तेच. त्याच्या पुढच्यातही तेच. रडं थांबलं की माणसाची मूठ उघडते. मी म्हटलं, मी सायकलवर पुढे जातो, ओरडून सांगतो, लोक उगाच घाबरतात. तो म्हणाला, “तुमी मांगंच राहा, भाऊ. आधी भिऊ द्या.”

आमच्या गावाजवळ माझ्या सायकलची चेन पडली आणि मी मागे राहिलो. माझी माय दारात होती. सून अकोल्याला दवाखान्यात, आणि समोरून तार एकटा पळत येतो. मी पोचलो तेव्हा माय उंबऱ्यावर डोकं आपटत होती आणि तो धापा टाकत सांगत होता, “काकू, वयनी जिती हाये. आयका तं खरं! जिती हाये वयनी.”

तिला पटायला वेळ लागला. मग त्यानं पाणी मागितलं. माय तांब्या घेऊन सवयीनं वरून ओतायला उभी राहिली. त्यानं ओंजळ धरलीच नाही, हात पुढे केला.

“तांब्या हातात द्या, काकू. नाही तं राहू द्या. मले लंबं जायचं हाये.”

चार लोक पाहत होते. माझा बाप ओट्यावर होता. मायनं त्याच्याकडे पाहिलं नाही. तांब्या हातात दिला. नंतर चार दिवस ती तो राखेनं घासत होती, खोटं काहून बोलू. पण फेकला नाही.

दिवस कलला तेव्हा आम्ही अकोल्यात, मोर्णा नदीच्या पुलावर आलो. तार लंगडत होता, पण पळत होता. जिनातले हमाल उभे होते. एकजण ओरडला, “काय बे, कोण मेलं?” याला दम नव्हता, तरी म्हणाला, “तुहा मुकादम!”

पेटीत किती निघालं ते डॉक्टर जाणे. तिघंही मुंबईला गेले. एक तिथंच राहिला. माझी बायको परत आली. एक गाल आत गेलेला, भाकर कुस्करून खावी लागायची, पण आली. त्यानंतर आम्हाला तीन लेकरं झाली. गेल्या साली ती गेली. पोरांनी बसल्या जागी फोन केले, घटकाभरात साऱ्या सोयऱ्यांना कळलं. माझ्या पायांना काही कामच उरलं नाही. घर खायला उठतं, म्हणून हे लिहीत बसलो.

तार मात्र त्या धावण्यानंतर दहा वर्षंही जगला नाही. कापसाच्या धुळीनं छाती गेली. अकोल्याच्या जुन्या शहरातल्या एका खोलीत मेला. त्याची बहीण आमच्या गावाच्या पुढच्या गावी दिलेली होती. जिनातला बाबू म्हणाला, पोस्टातून कळवतो. तेव्हा बायको मला म्हणाली, “कागद कायले धाडता तिले? तुमी जा. अन् पायी जा.”

एसटीची मोटार होती, तरी पायी गेलो. जमेल तिथं पळालो. वाटेवरची माणसं विचारत होती, पाटील, कोण गेलं? मी कोणाला सांगितलं नाही. सांगावा त्या वाटेनं असा उलटा, पाटलाच्या पायांनी जाताना त्यांनी कधी पाहिला नव्हता.

बहीण अंगणात ज्वारी पाखडत होती. मला पळत येताना पाहिलं आणि तिचं सूप थांबलं. मी पाणी मागितलं. तिनं तांब्या भरून माझ्या हातात दिला आणि माझ्या तोंडाकडे पाहत उभी राहिली. मी प्यालो. पाणी संपलं, तरी तांब्या तोंडाला लावून तसाच उभा होतो.