काठवटीतली भाकर

माझी सासू चतुराबाई नाकावर माशी बसू देत नाही. नांदेडात आमचं भाकरीचं छोटं केंद्र आहे. मुलींच्या एका होस्टेलला रोज ऐंशी भाकरी जातात. भाजायचं काम माझं, थापायचं सासूबाईंचं, म्हणजे आमच्या आत्याबाईंचं. बारा वर्षांत त्यांनी मला थापायला बसू दिलं नाही. "वर्षे, तुझा हात गवंड्याचा हाय," म्हणायच्या. मी पण काही कमी तोंडाची नाही, पण त्यांच्यासारखी भाकर गल्लीत कुणाची होत नव्हती, म्हणून गप्प बसायचे.

या दिवाळीनंतर त्यांच्या भाकरी फाटायला लागल्या. परातीतून उचलली की मधोमध चीर. आत्याबाईंनी लगेच निकाल दिला, "पिठाची विरी गेली. माणिकप्पा जुनी ज्वारी दळून राहिला." विरी गेलेलं पीठ चिकट राहत नाही, भाकर फाटते, हे खरंच. पण माणिकप्पा गिरणीवाला साधा माणूस, उदगीरकडचा. आत्याबाई पिठाचा डबा घेऊन गिरणीत गेल्या आणि चार गिऱ्हाइकांसमोर त्याला चोर म्हणाल्या. तो बिचारा एवढंच बोलला, "चतुराक्का, ज्वारी यंदाचीच हाय."

मग दुसरी गिरणी झाली, तिसरी झाली. भाकरी फाटतच राहिल्या. होस्टेलच्या मॅडमनी निरोप पाठवला, की सोमवारपर्यंत बघू, नाहीतर मशीनच्या पोळ्या लावू. त्या दिवशी आत्याबाई जेवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी फाटकी भाकर हातात धरून त्यांनी परत माणिकप्पाचा उद्धार सुरू केला, तेव्हा माझा तोल गेला. त्यांच्या पाठीमागे उभी राहून मी चांगलं मोठ्यानं म्हणाले, "नाचता येईना, अंगण वाकडं." म्हणाले आणि जीभ चावली. आता उलथनं येणार अंगावर. काहीच आलं नाही. त्या आपल्या थापत राहिल्या. मी परत म्हणाले. तरी नाही. तेव्हा मी परात बाजूला सारली आणि त्यांना ऑटोत बसवलं.

कानाच्या डॉक्टरनी तपासून सांगितलं, दोन्ही कान बरेच गेलेत, मशीन मिळेल पण महिना लागेल. आत्याबाई ऑटोत म्हणाल्या, "कान गेले तर गेले. भाकर काय कानानं थापतेत?"

मलाही आधी तसंच वाटलं. पण कान आणि भाकर एकदमच कसे बिघडले, हे डोक्यातून जाईना. दुपारी त्या पडल्यावर मी माणिकप्पाचंच पीठ मळलं, कानांत कापूस घातला आणि परातीपुढे बसले. थांबायचं कुठं तेच कळेना. उचलली, फाटली. कापूस काढून दुसरी थापली. भाकर जाड असते तोवर थाप बद्द वाजते, पातळ झाली की खालची परात वाजायला लागते. ती वाजली आणि माझा हात आपोआप थांबला. भाकर अख्खी निघाली. बारा वर्षं तव्यापाशी बसून मी तो आवाज ऐकत होते आणि मला त्याचा पत्ताच नव्हता.

मी त्यांना उठवलं आणि कानाशी ओरडून सांगितलं, "आत्याबाई, तुमचा हात कानाला इचारून थांबत होता. आता कान बोलंना म्हणून तुमी थापतच राहता. पीठ चांगलं हाय."

त्यांनी स्वतःचा तळहात पुढे धरून बघितला. मग म्हणाल्या, "मंग आता कुणाला इचारू?" आणि रडल्या. मला लई वाईट वाटलं. त्यांना रडताना मी पाहिलंच नव्हतं.

माळ्यावर त्यांच्या आईची काठवट पडून होती, लाकडाची परात. ती मी धुऊन आणली आणि कड त्यांच्या मांडीला टेकवली. म्हटलं, थाप कानाला लागत नाही तर अंगाला लागू द्या. मी शेजारी बसले. लाकडाचा आवाज बदलला की त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवायचा, एवढंच माझं काम. पहिल्या दिवशी अकरा फाटल्या आणि तेवढ्याच शिव्या मला मिळाल्या. दुसऱ्या दिवशी शिव्या कमी झाल्या. रविवारी सकाळी मी हात उचलायच्या आधीच त्यांचा हात थांबला.

"लागली मांडीला," त्या म्हणाल्या. उचलली, अख्खी. तव्यावर टम्म फुगली.

सोमवारी ऐंशी भाकरी होस्टेलला गेल्या. तीन फाटल्या होत्या, त्या आम्ही खाल्ल्या. मॅडमचा फोन आला, की उद्यापण पाठवा. आत्याबाईंनी त्या दिवशीची पहिली भाकर फडक्यात बांधून बाजूला ठेवली होती. मी म्हटलं, "द्या, मी नेऊन देते." त्यांनी दिली नाही. स्वतः निघाल्या, मी मागं.

गिरणी घरघरत होती, दळणाला चार माणसं उभी होती. आत्याबाईंनी भाकर माणिकप्पाच्या हातात ठेवली. "तुझं पीठ चांगलं होतं. चूक माझी."

तो काहीतरी बोलला. त्यांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं, आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मोठ्यानं बोल, बाबा. मला ऐकू येत न्हाई."

माणिकप्पानं गिरणी बंद केली.