गोदामातला कुकर

इंदूबाईंच्या टेबलाशेजारी एक लोखंडी स्टूल होते आणि त्या स्टुलाखाली तीन लिटरचा ॲल्युमिनियमचा कुकर. खामगावच्या सरकारी धान्यगोदामात कारकून म्हणून मी पहिल्या दिवशी हजर झालो तेव्हा वाटले, बाई दुपारचे जेवण इथेच करत असतील. तेवढ्यात डाळीचा ट्रक आला. चालकाने कागद पुढे केले. बाईंनी ते सावकाश वाचून बाजूला ठेवले, नमुना काढायची टोकदार नळी घेतली, आठ-दहा पोत्यांच्या पोटात खुपसून मूठमूठ डाळ काढली, ती धुतली आणि कुकर शेगडीवर चढवला. ट्रक उभा, हमाल उभे, मीही उभाच. शिट्ट्या झाल्या, वाफ जिरली. बाईंनी एक दाणा चिमटीत दाबून पाहिला, चमचाभर डाळ चाखली आणि मगच पोचपावतीवर सही केली.

"कागदावर डाळ लय चांगली शिजते, मास्तर," त्या मला म्हणाल्या. "लेकराच्या ताटात शिजते का, ते पाहा लागते."

माझ्या काखेत पुस्तक होते म्हणून मी मास्तर झालो. तेव्हापासून गोदामात मला कोणी दुसऱ्या नावाने हाक मारली नाही.

इंदूबाई गोदामपाल होत्या. माहेर वरवट बकालचे, खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यातले. तिकडच्या विहिरीच्या पाण्यात डाळ तासन्‌तास उकळली तरी दाणा मोडत नाही. लहानपणी त्या दोन शेते ओलांडून गोड्या पाण्याची एक कळशी आणत, ती फक्त डाळीसाठी. "आमच्याकडं सोयरिक जमवताना लोक पोराच्या आंधी त्याच्या गावची विहीर पाहात," असे त्या हसत सांगत. गोदामातल्या बोअरचे पाणीही तसलेच होते. म्हणून कुकरशेजारी गोड्या पाण्याचा एक कॅन असे. हमालांचे मुकादम गफूरभाई तो सायकलवर आणून ठेवत. एकदा मी त्यातले पेलाभर पाणी प्यायलो. "तहान लागली त माठ हाय तिथं," बाई म्हणाल्या. "ते डाळीचं पाणी हाय."

शिजलेली डाळ फेकली जात नसे. गफूरभाई तिला लसूण-मिरचीची फोडणी देत आणि हमाल भाकरीबरोबर खात. "बाईच्या सहीले चव हाय," असे ते म्हणत.

मग ते डाळटंचाईचे वर्ष आले. तुरीच्या आमच्या मुलखातच तुरीची डाळ परवडेना. सरकारने घाईघाईने परदेशातून तूर मागवली. ती बंदरावर उतरायची, ठेकेदाराच्या मिलमध्ये भरडली जायची आणि तिची डाळ रेशनसाठी आमच्याकडे यायची. घाईच्या खरेदीत डोळे मिटायला सगळ्यांनाच सवड असते. इंदूबाईंना ती नव्हती.

दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी तीन ट्रक एकदम आले. बाई वरच्या कार्यालयाशी फोनवर बोलत होत्या. नमुने काढून त्यांनी मला खूण केली, कुकर चढवा. माझे अर्धे मन हातातल्या पुस्तकात होते. मी कुकर चढवला. तिन्ही ट्रकांची डाळ एकामागून एक शिजायला ठेवली आणि तिन्ही वेळा ती खड्यासारखी टणक राहिली. बाईंनी तिन्ही ट्रक नाकारले.

ठेकेदाराचा माणूस चिडला. "मॅडम, कायले अडवून राह्यल्या? लोकायची दिवाळी हाय. काही पाह्यजे असंन त तसं सांगा ना!"

"मले शिजलेली डाळ पाह्यजे," बाई म्हणाल्या. "आणून देता?"

संध्याकाळपर्यंत त्याने वर लेखी तक्रार दिली, की गोदामपाल बाई चिरीमिरीसाठी सरकारी माल अडवतात. बाईंच्या निवृत्तीला पाच महिने उरले होते. चौकशी लागली की निवृत्तिवेतन अडकणार, हे मला माहीत होते. त्यांना तर होतेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ट्रक अजून आवारातच उभे असताना, टेबल पुसता पुसता मी कॅन उचलला. तो कोरडा होता. आदल्या दिवशी गफूरभाई सुट्टीवर होते. म्हणजे पुस्तकाच्या नादात मी कुकरमध्ये नळाचे, बोअरचे पाणी घातले होते.

बाई आल्यावर मी उभ्या उभ्याच सांगून टाकले. त्यांनी कॅन उलटा करून पाहिला.

"कोणाले सांगितलं?"

"कोणालाच नाही. कोणी पाहिलंही नाही, बाई. आत्ता हे बाहेर गेलं तर तक्रार खरी ठरेल. ट्रक परत गेले की विषय संपला."

"अन्‌ त्यातली डाळ चांगली असंन त?" त्या म्हणाल्या. "मास्तर, लपवलेल्या चुकीले पाय फुटतात. लिहिलेली चूक बसल्या जागी बसते."

त्यांनी कागद ओढला आणि लिहिले, की कालच्या तपासणीत खारे पाणी वापरले गेले, चूक माझी आहे, तपासणी पुन्हा करू. मी म्हणालो, चूक माझी आहे, माझे नाव घाला.

"गोदाम कोणाच्या ताब्यात हाय?"

"तुमच्या."

"मंग चूक बी माहीच."

तो कागद त्यांनी ठेकेदाराच्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवला. त्याने टाळी वाजवली. "म्या काय सांगत होतो? पाण्याचाच दोष! करा सही."

"सही नाई. पुन्हा शिजवू. सगळ्यायसमोर."

दुपारी तक्रारीची शहानिशा करायला तालुक्याचे पुरवठा अधिकारी आले. रेशनकार्डे घेऊन खेपा घालणाऱ्या बायका गोदामाच्या ओट्यावर बसल्या. गफूरभाईंनी मोहल्ल्यातून आणखी तीन कुकर आणि शेगड्या गोळा केल्या. तीन कुकरांत तीन ट्रकांची डाळ, चौथ्यात बाईंच्या घरची. पाणी गोडे, एकाच कॅनमधले, एकाच पेल्याने मोजलेले. शिट्ट्याही सगळ्यांना सारख्याच. मी प्रत्येक शिट्टीला वहीत रेघ ओढत होतो. चारही डाळी शिजल्या असत्या तर बाईंचे काय होणार, ते त्यांच्या कबुलीच्या कागदानेच ठरवले असते.

झाकणे उघडली. घरची डाळ शिजली होती. पहिल्या ट्रकची लोण्यासारखी मऊ झाली होती. दुसऱ्या आणि तिसऱ्या ट्रकची मात्र टणकच. ओट्यावरची एक म्हातारी पुढे आली, तिने एक दाणा दाताखाली धरला आणि थुंकून टाकला. "अवं बाई, हे त खडे हायेत!"

"पाणी..." ठेकेदाराचा माणूस म्हणू लागला.

"पानी त सबकू एकच दिया, शेठ," गफूरभाई म्हणाले. "पयली शिजली, मंग ह्या दोघीयले काय सर्दी झाली?"

बायका हसल्या. अधिकारी हसले नाहीत. त्यांनी बाईंचा कबुलीचा कागद दोनदा वाचला, तोच पंचनाम्याच्या सगळ्यात वर जोडला आणि म्हणाले, "ज्या बाई स्वतःची चूक सहीनिशी देतात, त्यांच्याविरुद्धची ही तक्रार मी काय म्हणून पुढे पाठवू?"

पहिल्या ट्रकची डाळ दुसऱ्या दिवशी जळगाव जामोदकडच्या दुकानांना गेली. आम्ही गप्प बसलो असतो तर तीही परत गेली असती. उरलेले दोन ट्रक सीलबंद होऊन परतले आणि दिवाळीच्या आत चांगली डाळ आली. बंदरावर आलेली नवी तूर वाटेतच कुठेतरी राहिली होती आणि तिच्या जागी जुनी पडीक डाळ पाठवली होती, एवढे चौकशीत निघाले. चौकशी कुणापर्यंत पोचली ते मला शेवटपर्यंत कळले नाही. पण त्या ठेकेदाराचा ट्रक पुन्हा आमच्या गोदामाला लागला नाही, आणि शिजवून पाहण्याचा बाईंचा रिवाज साहेबांनी लेखी करून टाकला.

गेल्या महिन्यात इंदूबाई गेल्या. वरवट बकालला तेरवी झाली. पंगतीत वरण वाढले तेव्हा माझ्या शेजारच्या गफूरभाईंनी घास हातात धरून ठेवला आणि हळूच विचारले, "गोड्या पान्यातलं असंन ना, मास्तर?" मी वरणातला एक दाणा चिमटीत दाबून पाहिला आणि मान हलवली.

परतीच्या वाटेवर मी बऱ्याच वर्षांनी गोदामात डोकावलो. बाईंच्या जागी आता एक तरुण गोदामपाल आहे. तिने इंदूबाईंना कधी पाहिलेले नाही. दाराशी ट्रक उभा होता आणि चालक कुरकुरत होता. "मॅडम, एकडाव शिजवली ना? दुसऱ्यांदा काऊन चढवून राह्यल्या?"

"पहिल्यांदा माझ्याकडून पाणी चुकलं," ती म्हणाली. चारचौघांत, सहज, मान वर न करता. "थांबा जरा."

मी स्टूल ओढून बसलो. मलाही घाई नव्हती. शिट्ट्या व्हायच्या होत्या.